कॅलेंडरवरचा अंगठा: चोरी शाबीत, खून नाही

घाटवळण

पेपरातलं एक वाक्य मला शाळेत असल्यापासून पाठ आहे. ‘घटनास्थळी श्वानपथक व ठसेतज्ज्ञांना पाचारण करण्यात आले.’ त्याच्या पुढचंही ठरलेलं, ‘श्वान काही अंतरापर्यंत माग काढून घुटमळले.’ कुत्रं कुठे घुटमळलं ते निदान कळतं तरी. ठसेतज्ज्ञांना काय मिळालं आणि त्याचं कोर्टात काय झालं, हे मात्र कधी छापून येत नाही.

परवा इथल्याच एका धाग्यावर कुणीतरी बिनधास्त लिहून टाकलं होतं की ठसे सापडले म्हणजे केस संपली. तिथे वाद घालण्यापेक्षा वेगळा धागा काढतोय, कारण आपल्याच देशातलं एक जुनं प्रकरण या बाबतीत फार बोलकं आहे. ठशाच्या आधारावर शिक्षा झालेल्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या खटल्यांपैकी हा एक. खटला १८९८ चा, जागा बंगालमधला जलपायगुडी जिल्हा, भूतानच्या सीमेलगतचा चहाचा मळा.

मळ्याचा व्यवस्थापक सकाळी बिछान्यात गळा चिरलेल्या अवस्थेत सापडला. कागदपत्रांची पेटी आणि तिजोरी उचकटलेली, काही शे रुपये गायब. संशयितांना तोटा नव्हता. माणूस कामगारांशी कडक वागायचा, म्हणून आधी मजुरांवर संशय. त्याचे एका बाईशी संबंध होते, म्हणून तिच्या नातेवाइकांवर. जवळच काबुली लोकांचा तळ पडला होता, म्हणून त्यांच्यावर. आणि स्वयंपाक्यावर तर सगळ्यात जास्त, कारण त्याच्या कपड्यांवर रक्ताचे डाग होते. तो म्हणाला, साहेबांच्या जेवणासाठी कबुतर मारलं होतं. आजच्या मालिकेत हा इसम तिथेच आत गेला असता. पण कपडे रासायनिक तपासणीला गेले आणि अहवाल त्याच्या बाजूने आला.

राहिला एक जुना नोकर. व्यवस्थापकाने त्याला चोरीच्या गुन्ह्यात तुरुंगात पाठवलेलं. काही आठवड्यांपूर्वीच तो सुटला होता, पण त्या भागात त्याला पाहिलेला एकही माणूस मिळेना.

आता कागदपत्रांची पेटी. तिच्यात बंगाली लिपीत छापलेलं, पुस्तकासारखं शिवलेलं एक कॅलेंडर होतं, आपल्याकडे पंचांग असतं तसं. वरचं वेष्टण फिकट निळ्या कागदाचं. त्या निळ्या कागदावर दोन पुसट तपकिरी डाग. भिंगाखाली धरल्यावर एका डागात रेषा दिसल्या. उजव्या हाताच्या कुठल्यातरी बोटाचा अर्धवट ठसा.

कलकत्त्याला नुकतंच, १८९७ मध्ये, ठशांचं कार्यालय उभं राहिलेलं. शिक्षा झालेल्यांचे दहाही बोटांचे ठसे तिथे वर्गवारी करून ठेवलेले. कॅलेंडरवरचा ठसा त्यांच्याशी ताडून पाहिला तर तो त्या जुन्या नोकराच्या, कांगाली चरणच्या, उजव्या अंगठ्याशी जुळला. गंमत बघा, त्याचा अंगठा दप्तरी का होता? मेलेल्या माणसाने पूर्वी केलेल्या फिर्यादीमुळे.

चरण शेकडो मैलांवर, बीरभूममध्ये पकडला गेला. कलकत्त्याला आणून अंगठा पुन्हा घेतला, पुन्हा जुळला. तपकिरी डाग सस्तन प्राण्याच्या रक्ताचे आहेत असा दाखला रसायनतज्ज्ञाने दिला. खुनाचा आणि चोरीचा असे दोन्ही आरोप ठेवले गेले.

आणि निकाल? चोरी शाबीत. खुनातून निर्दोष. जज्जाशेजारी बसून मत देणाऱ्या असेसरांचं म्हणणं पडलं की खून करताना कुणी पाहिलेलं नाही, नुसत्या ठशावर माणसाला खुनी ठरवणं धोक्याचं. चोरी मात्र पक्की. अपिलातही ती शिक्षा कायम राहिली.

मला हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा हास्यास्पद वाटला होता. रक्ताळलेला अंगठा उमटला, पेटी त्यानेच उघडली, मग गळा काय वाऱ्याने चिरला? पण नंतर कितीतरी दिवस हेच डोक्यात घोळत राहिलं, आणि आता मला वाटतं की असेसर बरोबर होते. अंगठा एवढंच सांगत होता की हा हात रक्ताने माखलेला असताना या पेटीत गेला. बिछान्यापासून पेटीपर्यंतचं अंतर अंगठा सांगत नव्हता, ते आपण मनाने भरतोय.

तुम्ही असेसर असता तर काय केलं असतं?

शेवगा

वाचनखूण साठवली. जलपायगुडीला जाऊन आलोय, तिथून दोन किलो चहा आणला, ही गोष्ट मात्र कुणी सांगितली नाही.

मी फासावर दिला असता. सॉरी.

वकीलबुवा

घाटवळण, चांगला धागा. दोन गोष्टी जोडतो.

एक म्हणजे असेसर. ज्यूरी वेगळी, असेसर वेगळे. जिथे ज्यूरी नव्हती तिथे सेशन्स जज्जाच्या शेजारी हे बसायचे आणि आपलं मत द्यायचे. ते मत जज्जावर बंधनकारक नव्हतं. इथे अपिलातही चोरीपुरतीच शिक्षा टिकली, म्हणजे पुरावा तेवढाच तोलाचा मानला गेला.

दुसरी गोष्ट जास्त मजेची. हा खटला चालला तेव्हा आपल्या पुरावा कायद्यात ‘बोटांचे ठसे’ हे शब्दच नव्हते. कलम ४५ मध्ये तज्ज्ञाच्या मताला जागा होती ती परदेशी कायदा, विज्ञान, कला आणि हस्ताक्षर यांच्यापुरती. ठसे त्यात घातले १८९९ च्या दुरुस्तीने. म्हणजे चरणचा अंगठा आधी कोर्टात पोचला आणि कायदा मागून धावत आला. आज तेच कलम भारतीय साक्ष्य अधिनियमात ३९ नंबरने आहे. नंबर बदलला, पण तिथे शब्द अजूनही ‘मत’ असाच आहे हे लक्षात ठेवा. तज्ज्ञ निकाल देत नाही, मत देतो.

चौकस

‘सस्तन प्राण्याच्या रक्ताचे डाग’ यावर मी अडलो. माणसाचं रक्त असं का नाही म्हटलं?

उत्तर शोधलं. कारण तेव्हा ते सांगताच येत नव्हतं. पक्ष्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी लांबट असतात आणि त्यात केंद्रक असतं. आपल्या गोल, बिनकेंद्रकाच्या. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली कबुतर आणि माणूस वेगळे काढता यायचे. स्वयंपाकी वाचला तो यामुळे. पण बकरा आणि माणूस वेगळे काढायची खात्रीची चाचणी जर्मनीत उलेनहुथने १९०१ मध्ये शोधली. म्हणजे चरणच्या वकिलाने उभं राहून ‘माझ्या अशिलाने सकाळी बोकड कापला होता’ असं म्हटलं असतं, तर सरकारी बाजूकडे उत्तर नव्हतं.

स्वयंपाक्याचं नशीब की साहेबाने त्या रात्री मटण नाही मागवलं.

घाटवळण

चौकस, हे भारी. मटणाचा मुद्दा डोक्यात आलाच नव्हता.

आणखी एक बघा. चरण त्या घरात आधी नोकर होता. नुसता घामाचा ठसा असता तर तो सहज म्हणाला असता, साहेबांचं टेबल मीच झाडायचो, तेव्हाचा असेल. रक्तामुळे ती पळवाट बंद झाली. म्हणजे कोणाचा हात ते रेषांनी सांगितलं आणि कधीचा हात ते रक्ताने. ठशाला स्वतःला तारीख नसते.

टणक

म्हणजे थोडक्यात ठसे निरुपयोगी. मग कशाला ती पावडर आणि कशाला ते श्वानपथक? लोकांच्या कराचे पैसे.

घाटवळण

टणकराव, असं कुठे म्हटलंय मी. चरण चोर आहे हे दुसऱ्या कशाने कळलं असतं? बीरभूममध्ये बसलेल्या माणसाला त्या मळ्यात आणून उभं केलं ते अंगठ्यानेच.

आणि उलटं उदाहरणही आहे. १८९२, अर्जेंटिनातलं नेकोचेआ. फ्रान्सिस्का रोहास नावाच्या बाईची दोन लहान मुलं घरात मारलेली सापडली. तिने शेजाऱ्याचं नाव घेतलं. पोलिसांनी त्याला बदडून काढलं, तो काही कबूल होईना. मग ला प्लाताहून अल्वारेस नावाचा अधिकारी आला. त्याला दाराच्या लाकडावर अंगठ्याचा रक्ताळलेला ठसा दिसला. पठ्ठ्याने लाकडाचा तेवढा तुकडाच कापून नेला. ठसा आईचा निघाला. बाई तोपर्यंत सांगत होती की मुलांच्या देहांना मी हातही लावला नाही. ठसा समोर ठेवल्यावर तिने कबुली दिली.

दार तिच्याच घराचं. तिथे तिचा अंगठा असणं यात नवल काय? पण ‘मी हात लावला नाही’ हे ती स्वतः बोलून बसली होती, आणि अंगठ्याने ते खोटं पाडलं.

थेम्सकाठी

इंग्लंडातला अशा प्रकारचा पहिला खुनाचा खटला माझ्या भाजीबाजाराच्या रस्त्यावरचा आहे! डेप्टफर्ड हाय स्ट्रीट. शनिवारी बाजार भरतो, मिरच्या आणि भेंडी बऱ्यापैकी मिळते.

तिथे ३४ नंबरला रंग आणि तेलाचं दुकान होतं. २७ मार्च १९०५, सोमवार सकाळ. दुकान सांभाळणारे टॉमस फॅरो खाली मेलेले, बायको ॲन वर बिछान्यात बेशुद्ध. ती चार दिवसांनी गेली. गल्ल्याची पत्र्याची पेटी रिकामी पडलेली. तिच्या आतल्या ट्रेवर अंगठ्याचा ठसा. पण त्याआधी एका सार्जंटने वाटेत येते म्हणून ती पेटी हाताने काउंटरखाली सरकवली होती. त्यामुळे आधी सार्जंटचे आणि मयतांचे ठसे घेऊन ते वगळावे लागले.

ठसा आल्फ्रेड स्ट्रॅटनच्या उजव्या अंगठ्याचा ठरला. कोर्टात इन्स्पेक्टर कॉलिन्सने मोठे केलेले फोटो दाखवून अकरा ठिकाणी रेषा जुळतात हे समजावून दिलं. पण नुसत्या तेवढ्यावर फाशी नाही झाली. आल्फ्रेडच्या मैत्रिणीने सांगितलं की त्याने कोट देऊन टाकला आणि तपकिरी बूट काळे केले. रस्त्यात पळताना पाहिलेली साक्षीदार होती. ज्यूरीने फक्त ठशावर विसंबावं असं न्यायाधीशांनाही वाटत नव्हतं. आल्फ्रेड आणि आल्बर्ट दोघे भाऊ २३ मे ला फाशी गेले. मार्चअखेर गुन्हा, मे मध्ये फाशी. आपल्याकडे एवढ्या वेळात चार्जशीटही होत नाही.

बचावाच्या बाजूने एक डॉक्टर उभे राहिले होते, गार्सन नावाचे. त्यांनी त्याच खटल्यात दोन्ही बाजूंना पत्र लिहून ‘तुमच्या बाजूने साक्ष देतो’ म्हणून कळवलेलं निघालं. न्यायाधीशांनी त्यांची कोर्टातच हजामत केली.

अबोली

तुमच्या बड्या खटल्यांत माझी घरफोडी सांगू का?

चार वर्षांपूर्वी आम्ही गावी गेलो असताना चोरी झाली. कपाट फोडलं, आणि का कोण जाणे, स्वयंपाकघरातले डबेही उघडले. बायका डाळीच्या डब्यात दागिने ठेवतात हे चोरांनाही माहीत आहे. ठसेवाले आले. एक तरुण मुलगी आणि एक वयस्क गृहस्थ. मऊ ब्रशने डब्यांवर काळी पूड फिरवली आणि टॉर्च तिरपा धरून बघत बसले. मी बाजूला उभी. डब्यावर एकदम सुरेख ठसा उमटला, अगदी चित्रासारखा. मला वाटलं सापडला! मुलीने शांतपणे विचारलं, ‘ताई, तुमचा हात दाखवा.’

माझाच होता. नंतर नवऱ्याचा, मग कामाच्या मावशींचा. चोराचा एकही नाही. त्याआधी शेजारचे चौघे घरात शिरून कपाटाला हात लावून ‘अरेरे’ करून गेले होते, त्यांचेही असणार. ती काळी पूड भांड्यांवरून जाता जात नाही. ओल्या फडक्याने पुसली तर आणखी पसरते. चोरीपेक्षा त्या डब्यांनी मला जास्त रडवलं.

भिंगवाले

अबोलीताई, कोरड्या ब्रशने आधी झटकायची, मग साबण. आता सांगून उपयोग नाही म्हणा.

मी या कामात बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे. आमच्या भाषेत जागेवर मिळतो तो ‘चान्स प्रिंट’. नाव कुणी दिलं माहीत नाही, पण अगदी चपखल आहे. मिळाला तर मिळाला. सिनेमात पिस्तुलावर ठसा सापडतो. खरं तर पिस्तुलाच्या मुठीला खाचा असतात, तिथे रेषा टिकत नाहीत. खरबरीत लाकूड, कापड, भिंतीचा चुना, सगळं अवघड. काच, पत्रा, गुळगुळीत रंगवलेलं दार हे आमचे मित्र.

पूड हा पहिला उपाय. काळ्या वस्तूवर पांढुरकी किंवा ॲल्युमिनियमची, उजळ वस्तूवर काळी. मग पारदर्शक टेपने उचलायचा. कागदावर पूड फारशी चालत नाही, तिथे निनहायड्रिन. घामातल्या अमिनो आम्लांशी त्याची क्रिया होते आणि जांभळा ठसा वर येतो. जुन्या कागदावरही येतो. प्लास्टिकच्या पिशव्या, बाटल्यांना फेव्हिक्विकच्या जातीच्या डिंकाची वाफ देतात. बंद पेटीत वस्तू टांगायची, डिंक गरम करायचा, रेषांवर पांढरा थर बसतो. घरी करून बघू नका, डोळे चुरचुरतात.

घाटवळण यांनी सांगितलेल्या ठशाचं वैशिष्ट्य असं की तो कुणी ‘काढला’ नाही. तो उघडा डोळ्यांसमोर होता. तो तपकिरी डाग कुणीतरी घाण समजून पुसला नाही, यातच सगळी केस आली. आमच्या कामात निम्मी लढाई आम्ही पोचायच्या आधी जिंकलेली किंवा हरलेली असते. पंचनाम्याला वीस माणसं खोलीत असली की तिथे आम्ही काय डोंबल काढणार?

टणक

भिंगवाले काका, सरळ विचारतो. दोन माणसांचे ठसे सारखे असतात का? हो की नाही?

भिंगवाले

नाही. जुळ्यांचेही वेगळे. आईच्या पोटातच रेषा ठरतात आणि जन्मभर तशाच राहतात. वरवर भाजलं, खरचटलं तरी त्याच पुन्हा येतात.

पण तुमचा प्रश्न चुकीचा आहे. कोर्टात दहा बोटांचे शाई लावून घेतलेले पूर्ण ठसे एकमेकांशी लावायचे नसतात. एका बाजूला असतो नखाएवढा, अर्धा पुसलेला, थोडा घसरलेला तुकडा. तो तुकडा या बोटाचा आहे की नाही, हे डोळा ठरवतो. आणि डोळा माणसाचा असतो.

थेम्सकाठी

काकांनी नेमकं बोट ठेवलं. (कोटी नाही, तसं झालं.)

स्कॉटलंडातलं किल्मार्नॉक, जानेवारी १९९७. मॅरियन रॉस नावाच्या बाईचा तिच्या घरात खून. दोन ठसे महत्त्वाचे ठरले. एक, डेव्हिड ॲस्बरी या संशयिताच्या घरी सापडलेल्या पैशांच्या पत्र्याच्या डब्यावरचा. तो मृत बाईचा आहे असं तज्ज्ञांनी सांगितलं, म्हणजे डबा तिच्या घरून आणला. दुसरा, तिच्या न्हाणीघराच्या दाराच्या चौकटीवरचा. तो तपासावर असलेल्या शर्ली मॅकी या पोलीस बाईंचा आहे असं त्याच कार्यालयाने सांगितलं.

मॅकी म्हणाल्या, मी त्या घरात आत गेलेच नाही. आता विचार करा. तज्ज्ञ म्हणतात अंगठा तुझा, तू म्हणतेस मी गेले नाही. कोण खरं? त्यांच्यावरच खोट्या साक्षीचा खटला भरला. १९९९ मध्ये बाहेरच्या तज्ज्ञांनी कोर्टात दाखवून दिलं की ठसा त्यांचा नाहीच, आणि त्या सुटल्या. तेच कार्यालय, तशीच पद्धत, मग डब्यावरच्या ठशाचं काय? ॲस्बरीची जन्मठेप २००२ मध्ये रद्द झाली. मॅकींना २००६ मध्ये साडेसात लाख पौंड मिळाले. शेवटी चौकशी बसली आणि २०११ च्या अहवालात स्पष्ट म्हटलं गेलं की दोन्ही ठसे चुकीचे ओळखले, कट वगैरे नव्हता, माणसांची चूक होती. आणि ठशाची साक्ष हे तज्ज्ञाचं मत आहे, निर्विवाद सत्य नव्हे, असंच तिच्याकडे पाहायला हवं.

वकीलबुवा वर हेच म्हणाले होते ना? कलमातला शब्द ‘मत’ आहे म्हणून.

चौकस

याला जोडून. २००४ मध्ये माद्रिदच्या रेल्वे बाँबस्फोटांनंतर डेटोनेटरच्या पिशवीवर ठसा मिळाला. अमेरिकेच्या एफबीआयने तो ओरेगॉनमधल्या ब्रँडन मेफिल्ड नावाच्या वकिलाचा ठरवला. स्पेनचे पोलीस सांगत होते की जुळत नाही. तरी याला आत टाकलं. स्पेनने खरा माणूस, अल्जीरियाचा, शोधून काढला तेव्हा एफबीआयला माफी मागावी लागली.

पुढे ड्रॉर नावाच्या संशोधकाने एक खट्याळ प्रयोग केला. पाच अनुभवी तज्ज्ञांना त्यांनी स्वतःच पूर्वी ‘जुळतात’ म्हणून सही केलेली ठशांची जोडी पुन्हा दिली, पण सांगितलं की ही ती मेफिल्डवाली चुकलेली जोडी आहे. पाचातल्या चौघांनी मत बदलले. ठसे तेच, डोळे तेच, फक्त कानात वेगळं काही पडलेलं.

शेवगा

बापरे. मी फाशी मागे घेतो.

वकीलबुवा

आपल्याकडे काय, तेही सांगतो.

१९७९ च्या जसपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अंगठ्याच्या ठशांचं शास्त्र अचूक आहे, त्यात चुकीला किंवा शंकेला जागा नाही. सरकारी वकील हे वाक्य अजूनही वाचून दाखवतात. मी बचावाला असलो की मनातल्या मनात किल्मार्नॉक म्हणतो.

पण माझ्या आवडीचा निकाल १९९७ चा, मोहम्मद अमन विरुद्ध राजस्थान राज्य. खुनाचाच खटला. पितळी भांड्यावर आरोपीचा ठसा मिळाला आणि तो जुळला. जुळला यावर वादच नाही. तरी आरोपी सुटला. का? तर जप्त केलेला मुद्देमाल सबळ कारण नसताना पाच दिवस पोलीस ठाण्यातच ठेवला होता, आणि आरोपीचे नमुना ठसे दंडाधिकाऱ्यासमोर किंवा त्याच्या आदेशाने घेतले नव्हते. भांडंही पोलिसांकडे, आरोपीचा हातही पोलिसांकडे. मग त्या भांड्याला तो हात नंतर लागलाच नसेल याची खात्री कोण देणार? न्यायालयाने ठसा खोटा म्हटलेला नाही. ठशाचा प्रवास संशयातीत नव्हता, एवढंच.

नवीन वकिलांना मी हेच सांगतो की ठसा जुळतो का याच्यावर सगळी उलटतपासणी घालवू नका. वस्तू कुणी उचलली, कधी सील केली, सील कुणाचं, पावती कुठे, हे विचारा. केस तिथे फुटते.

आणि कुणी विचारण्याआधीच सांगतो, आरोपीला बोटं द्यायला नकार देता येत नाही. ‘स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नको’ हा हक्क तोंडाला लागू आहे, बोटांना नाही. मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड, १९६१, अकरा न्यायाधीशांचं पीठ.

रानवारा

मला तो जुळवायचा भाग समजला नाही. १८९८ ला संगणक नव्हता. हजारो कागदांतून एक अंगठा काढला कसा?

भिंगवाले

रानवारा, कॅलेंडरवर एकच बोट होतं आणि तेही अर्धवट. तशा ठशावरून हजारोंतून माणूस शोधणं तेव्हा जवळपास अशक्यच. संशयितांच्या यादीत चरणचं नाव होतं, म्हणून काम सोपं झालं असणार, असा माझा अंदाज.

दहा बोटांची वर्गवारी मात्र अफलातून होती. नाव हेन्रीचं, कारण तो बंगाल पोलिसांचा प्रमुख. डोकं लावलं ते त्याच्या हाताखालच्या दोघांनी, काझी अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस. हक गणिताचे. पद्धत अशी. उजव्या अंगठ्यापासून बोटं मोजायची, उजवी करंगळी पाच, डावा अंगठा सहा, डावी करंगळी दहा. दोन-दोन बोटांची जोडी. पहिल्या जोडीत चक्र असेल त्या बोटाला १६, दुसरीत ८, मग ४, २, १. चक्र नसेल तर शून्य. सम आकड्याच्या बोटांची बेरीज वर, विषमची खाली, दोन्हीकडे एक मिळवायचा. १/१ पासून ३२/३२ पर्यंत. बत्तीस गुणिले बत्तीस, म्हणजे १०२४ कप्पे. कागद आला की आकडा काढायचा आणि थेट त्या कप्प्याकडे जायचं. १९०१ मध्ये स्कॉटलंड यार्डने हीच उचलली. हक आणि बोस यांना सरकारने पुढे पदव्या आणि पाच-पाच हजार रुपये दिले, पण पद्धतीला नाव हेन्रीचंच राहिलं.

आता अर्थात सगळं यंत्रावर. २०२२ पासून देशभरचा साठा एकत्र आहे. पण यंत्र जुळतील असे उमेदवार काढून देतं, सही अजून माणसाचीच.

रानवारा

आमची आजी आमच्या बोटांवरची शंख-चक्रं मोजायची आणि ‘दहा चक्रं म्हणजे राजा’ म्हणायची. म्हणजे आजी हेन्रीच्या आधीपासून वर्गवारी करत होती!

तिचा स्वतःचा अंगठा मात्र रेशन दुकानातल्या मशीनवर उमटत नाही. जन्मभर भांडी घासून आणि भात लावून रेषा झिजल्यात. दुकानदार तीनदा पुसायला लावतो. सातबाराच्या कागदांवर तिची ‘निशाणी डावा अंगठा’ अजून ठळक आहे, यंत्राला मात्र ती ओळखू येत नाही.

माझ्या दोन्ही अंगठ्यांना आणि उजव्या अनामिकेला चक्र. बाकी सगळे शंख. बरोबर मोजलं असेल तर १३/१७?

भिंगवाले

अनामिका चौथं बोट, सम, दुसरी जोडी, आठ. डावा अंगठा सहावं, सम, चार. अधिक एक, तेरा. उजवा अंगठा पहिलं, विषम, सोळा, अधिक एक, सतरा. अगदी बरोबर. घ्या, तुमचा कप्पा मिळाला.

निमूट

सगळा धागा वाचला. इथे पहिल्यांदाच लिहितोय.

कॅलेंडरवर दोन डाग होते ना? एक चरणचा निघाला. दुसरा?

घाटवळण

दुसऱ्या डागात वाचता येण्यासारखं काही नव्हतं. रक्त होतं, एवढंच.

भिंगवाले

असे डाग आमच्या फायलींत सगळ्यात जास्त असायचे. ‘तुलनेस अयोग्य’ असा शेरा मारायचा आणि पुढचा घ्यायचा.